हातातला फोन आणि उद्याचा डॉक्टर

पूर्वी एखाद्या घरातला मुलगा मेडिकल कॉलेजात दाखल झाला म्हणजे त्याच्याबरोबर घरात दोन वस्तू येत. एक हाडांची पेटी आणि दुसरा शरीररचनेचा जाडजूड ग्रंथ. पेटी पाहून आजी दचकत असे आणि ग्रंथाचे वजन पाहून वडील फीचा हिशेब पुन्हा एकदा मांडीत असत. आजच्या विद्यार्थ्याच्या हातात ह्यांखेरीज तिसरी एक वस्तू आहे आणि ती कॉलेजात जाण्यापूर्वीपासूनच त्याच्याजवळ आहे. ती म्हणजे फोन. त्यावर तो व्याख्याने ऐकतो, औषधाची मात्रा पडताळून पाहतो, परीक्षेची प्रश्नावली सोडवितो. आणि त्याच फोनवर, डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधीच, सारे नातलग त्याला आपापले रिपोर्ट पाठवू लागतात.

ह्या वस्तूचा आणि वैद्यकीय शिक्षणाचा संबंध काय, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु माझ्या वर्गातून गेलेली काही मुले आज वैद्यकीचे शिक्षण घेत आहेत, आणि आपल्या ट्रस्टच्या अनेक कुटुंबांतही अशी मुले आहेत. शिवाय आपण सर्वजण कधी ना कधी रोगी असतोच. तेव्हा हा विषय डॉक्टरांचा जितका, तितकाच घरच्या माणसांचाही आहे.

ई-आरोग्य म्हणजे काय?

माहिती आणि दळणवळण ह्यांच्या नव्या साधनांचा आरोग्यासाठी सुरक्षित आणि परवडेल असा उपयोग, असा ह्या शब्दाचा थोडक्यात अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने २००५ साली ह्या विषयावर ठराव केला व सदस्य देशांनी त्याकडे लक्ष द्यावे असे सुचविले. सोयीसाठी ह्याच्या चार शाखा कल्पाव्यात. पहिली, दूर असलेल्या रोग्याला सल्ला देणे. दुसरी, रोग्याचे कागद, तपासण्या व औषधे ह्यांची नोंद ठेवणे. तिसरी, साथी आणि संसर्गजन्य रोगांची खबर वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचविणे. चौथी, डॉक्टरांचे व विद्यार्थ्यांचे शिक्षण.

पुष्कळांना वाटते की हे सारे अगदी अलीकडचे आहे. वस्तुतः तसे नाही. हॉलंडमधील लायडन येथे डॉ. आइन्थोव्हेन ह्यांनी १९०५ साली रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचे स्पंदन सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने आणून त्याचा आलेख काढला. १९३५ साली रोममध्ये एक केंद्र निघाले. समुद्रावरील जहाजांतील आजारी खलाशांना तेथील डॉक्टर बिनतारी संदेशाने सल्ला देत. ज्या सुरतेच्या बंदरातून शेकडो वर्षे हाजी आणि व्यापारी जहाजाने निघत, त्या सुरतेच्या लोकांना ह्या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. भर समुद्रात ताप चढला, तर पूर्वी जहाजावर जो कोणी जाणता असेल त्याच्यावरच सारी भिस्त असे.

विद्यार्थ्यांचाही ह्या इतिहासाशी जुना संबंध आहे. १९५९ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात दुतर्फी दूरचित्रवाणीची योजना केली गेली, ती रोग्यांची तपासणी आवारातील दुसऱ्या जागी बसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिसावी म्हणून. पुढे १९६४ साली तीच सोय ११२ मैल दूर असलेल्या मनोरुग्णालयाशी जोडण्यात आली.

आपल्या बाजूलाही उदाहरणे आहेत. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय काही जिल्हा रुग्णालयांशी दूरवैद्यकाने जोडले गेले; त्यांत सिंधुदुर्ग आणि आपल्या शेजारचे नंदुरबार ही होती. सुरतेतील लिंबायत, उधना, डिंडोली ह्या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना नंदुरबार परके नाही. नवापूर-नंदुरबारकडून रोग्याला घेऊन ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेस येणारे नातेवाईक आपण नेहमी पाहतो. त्यांतील ज्यांचे काम तज्ज्ञाने दुरून कागद पाहून भागण्यासारखे आहे, त्यांचे गाडीभाडे आणि बुडणारा रोज वाचला, तर तो लहानसहान फायदा नव्हे.

आज काय उपलब्ध आहे?

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या एका प्रकारात रोगी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात बसतो, जवळ आरोग्य अधिकारी असतो आणि पडद्यावर दूरचा डॉक्टर असतो. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाची टाळेबंदी चालू असताना, घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलण्याचा दुसरा प्रकार सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ह्या सेवेतून दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले होते.

दुसरे उदाहरण सुरतेहून फार दूर नाही. भरुच जिल्ह्यातील झगडिया येथे 'सेवा रुरल' ही संस्था १९८० पासून काम करते. तेथे आशाताईंच्या हातात मोबाईलवरील एक व्यवस्था देण्यात आली. कोणत्या गरोदर बाईकडे आज जावयाचे, कोणत्या नवजात बाळाचे वजन घ्यावयाचे, धोक्याची लक्षणे कोणती, हे फोन तिला क्रमाने विचारतो व आठवण देतो. ह्या प्रयोगाची शास्त्रीय पद्धतीने परीक्षा झाली आणि पुढे त्याच धर्तीवरची व्यवस्था गुजरात सरकारने राज्यभर नेली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की फोनने आशाताईला घरोघर जाण्यापासून सोडविले नाही. उलट ज्या घरी जाणे अगत्याचे आहे त्या घरी तिला वेळेवर पाठविले.

तिसरे उदाहरण क्षयरोगाचे. २०१२ साली प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळविणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी 'निक्षय' ही नोंदव्यवस्था सुरू झाली. लूमवर काम करणारा मजूर सुरतेत औषध सुरू करतो, दोन महिन्यांनी बरे वाटले की गावी जातो आणि औषध तुटते, ही आपल्याकडील जुनी दुःखकथा आहे. साध्या क्षयाचे औषधही सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते. निक्षयमधील क्रमांक रोग्याबरोबर जातो. सुरतेच्या केंद्राने तो रोगी शहाद्याच्या किंवा ओडिशातील गंजामच्या केंद्राकडे सोपविला, तर औषध तेथे पुढे चालू राहू शकते. रोग्याच्या आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये थेट बँकेत जमा करण्याची योजनाही ह्याच नोंदीवर चालते. आता विचार करा: वॉर्डात ह्या मजुराशी पहिल्यांदा बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था ठाऊक असेल, तर "गावी कधी जाणार?" हा एक प्रश्न तो विचारील आणि कदाचित एक माणूस वाचेल. ठाऊक नसेल, तर त्याचा अत्याधुनिक फोन त्या मजुराच्या काहीच उपयोगाचा नाही.

चौथे उदाहरण 'आभा' क्रमांकाचे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली हा १४ अंकी क्रमांक मिळतो. आपल्या घरोघरी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे, सोनोग्राफी, जुने केसपेपर आणि वाचता न येणाऱ्या चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात. ती पिशवी हरवली की रोग्याचा इतिहासच हरवला. आभामुळे हे कागद रोग्याच्या संमतीने एकत्र पाहता येतात. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपचाराचा खर्च ज्यातून भागतो ते आयुष्मान कार्ड वेगळे आणि आभा वेगळा. आभा काढला म्हणजे विमा मिळाला, असे नाही.

साथीची खबर ही ह्याच विषयाची आणखी एक बाजू. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा खऱ्या बातमीपेक्षा अफवा आधी पोहोचली. लाखो लोक शहर सोडून निघाले आणि टेट्रासायक्लीनसाठी औषधांच्या दुकानांवर गर्दी उसळली. त्या दिवसांत नेमका रोगी कोठे आहे, किती आहेत, हे तासातासाला सांगणारी व्यवस्था असती तर भीतीला थोडा तरी आळा बसला असता. देशात रोगांवर पाळत ठेवण्याचा एकात्मिक कार्यक्रम २००४ साली सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्याची नोंद नव्या संगणकीय मंचावर आली. परंतु मंच कितीही उत्तम असला, तरी पहिली नोंद करणारा तरुण डॉक्टरच असतो. त्याने कळविलेच नाही, तर संगणकाला कोठून कळणार?

विद्यार्थ्यांना काय ठाऊक असते?

सुट्टीत आणि ईदेला भेटावयास येणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी काही प्रश्न विचारीत असतो. ही संख्या एका लहान वर्गाएवढीही नाही, म्हणून त्यावरून मी सिद्धांत मांडीत नाही. परंतु एक गोष्ट वारंवार दिसते. "फोनवर काय वाचता?" म्हटले की उत्तरांचा पाऊस पडतो. वैद्यकीय संशोधनाची 'पबमेड' ही प्रचंड सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे, हेही ती सांगतात. परंतु "फोनवर औषध कोणी सांगावे? कोणते सांगू नये? रोग्याची संमती म्हणजे काय?" असे विचारले की पाऊस थांबतो. ह्यात मुलांचा दोष थोडा आहे. जे परीक्षेत विचारले जात नाही ते मूल शिकत नाही, हा शाळेचा अनुभव आणि कॉलेजचा अनुभव वेगळा नाही.

म्हणून मला असे वाटते की फोन वापरता येणे आणि ई-आरोग्य कळणे ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लेनेक ह्यांनी स्टेथस्कोप शोधून काढला. नळी कानाला लावणे कोणालाही एका मिनिटात जमते; छातीतील आवाजाचा अर्थ लावावयास वर्षे लागतात, आणि तो अर्थ गुरूच्या शेजारी उभे राहूनच शिकावा लागतो. फोनचेही तेच आहे.

नियम काय सांगतात?

दूरवैद्यकाचे नियम आपल्या देशात २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य गोष्टी घरच्या माणसांनीही जाणून घ्याव्यात.

पहिली: दुरून सल्ला फक्त नोंदणी झालेल्या डॉक्टरनेच द्यावयाचा. डॉक्टर व रोगी दोघांचीही ओळख एकमेकांना पटली पाहिजे. निनावी सल्ला चालत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा.

दुसरी: रोग्याने स्वतः होऊन फोन केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. डॉक्टरने, परिचारिकेने किंवा अन्य कोणी फोन केला, तर संमती स्पष्टपणे घ्यावी लागते. अल्पवयीन मुलाचा सल्ला घेताना मोठे माणूस जवळ हवे.

तिसरी: औषधांच्या याद्या ठरविलेल्या आहेत. काही साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचविता येतात. काही औषधे पहिल्याच खेपेस द्यावयाची, तर रोग्याला व्हिडिओवर पाहावे लागते. काही औषधे प्रत्यक्ष तपासणी पूर्वी झाली असेल, तरच पुढे देता येतात. आणि गुंगीची व तत्सम सवय लावणारी काही औषधे दुरून मुळीच लिहिता येत नाहीत.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: दुरून भागेल की रोग्याला समोर बोलवावे, हे ठरविण्याचा अधिकार आणि जबाबदारी डॉक्टरची आहे. तातडीच्या प्रसंगी दुरून प्रथमोपचार सांगून रोग्याला लवकरात लवकर दवाखान्यात पाठवावयाचे.

ह्या चौथ्या गोष्टीतच सारे कौशल्य आहे. पोट दुखते असे फोनवर ऐकू येते. परंतु पोटावर हात ठेवल्यावर ते फळीसारखे कडक लागते की मऊ, हे फोन सांगत नाही. बोटाला लावावयाचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी आले. परंतु २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की कृष्णवर्णीय रोग्यांत हे यंत्र काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखविते. म्हणजे आकडा बरा, पण रोगी बरा नाही! यंत्रावर विश्वास कोठवर ठेवावा, हे ज्याला कळते तोच यंत्राचा खरा जाणकार. आता तर प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रमही आले आहेत. ते वाचण्यास हरकत नाही. परंतु उत्तर सफाईदार आहे म्हणून ते बरोबरच असेल असे नाही, आणि चूक झाल्यास रोग्यापुढे ते कार्यक्रम उभे राहणार नाहीत, डॉक्टर उभा राहील.

गुपित राखणे

जुन्या हकिमांविषयी आपले वडीलधारे अभिमानाने सांगत की अमक्यांच्या पोटात गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर येत नसे. वैद्यकीचा हा धर्म जुनाच आहे. फोनने फक्त तो पाळणे कठीण करून ठेवले आहे. वॉर्डात एखादा विलक्षण पुरळ किंवा एक्स-रे दिसला की विद्यार्थी शिकण्याच्या उत्साहाने फोटो काढतो आणि मित्रांच्या गटात टाकतो. हेतू वाईट नसतो. परंतु कोपऱ्यात रोग्याचे नाव राहिले, चेहरा राहिला, तर तो फोटो पुढे कोठे जाईल ह्याचा नेम नाही. एखाद्या मुलीचा आजार मोहल्ल्यात कळला, तर तिचे लग्न अडते; एखाद्या कामगाराचा क्षय कळला, तर त्याची खोली जाते. शिकण्यासाठी फोटो हवाच असेल, तर रोग्याची संमती आणि शिक्षकांची परवानगी घ्यावी, ओळख पटेल असे काही ठेवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली कायदाही झाला आहे. परंतु कायद्याच्या आधी सभ्यता येते.

घरच्यांचे कर्तव्य

आता घरच्या माणसांना दोन शब्द. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन येतो:

"बेटा, तुझ्या खालूंचा रिपोर्ट पाठवलाय. जरा बघून एखादी गोळी सांग ना. डॉक्टरकडे गेलो की पाचशे रुपये जातात."

खालाजानची अडचण खरी आहे. पैसे खरेच जातात. परंतु एम.बी.बी.एस. पूर्ण होऊन, वर्षभराची इंटर्नशिप आटोपून मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत पक्के नाव लागेपर्यंत त्या मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर औषध सांगण्याचा अधिकार नाही. तो "नाही" म्हणाला तर घमेंडखोर ठरतो. "हो" म्हणाला आणि काही विपरीत झाले, तर आयुष्यभराचे ओझे. प्रेमापोटी आपण त्याला अशा पेचात टाकतो. त्याने असे उत्तर द्यावे, आणि आपण ते आनंदाने ऐकावे:

"खाला, रिपोर्ट पाहिला. औषध सांगण्याचा हक्क मला अजून नाही. खालूंना उद्या सकाळी सिव्हिलच्या ओ.पी.डी.त घेऊन या, मी तेथे भेटतो. जुने सगळे कागद बरोबर आणा. मात्र छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आत्ताच १०८ ला फोन करा."

ह्या उत्तरात औषधाचे नाव नाही. तरीही हेच उत्तम ई-आरोग्य आहे. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य दारापर्यंत नेणे, एवढे काम विद्यार्थी आजच करू शकतो. घरातील वडिलांचा आभा क्रमांक काढून देणे, पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावणे, निक्षयची रक्कम जमा होते की नाही पाहणे, ई-संजीवनीवर खऱ्या डॉक्टरशी बोलणे करून देणे, फोनवर फिरणाऱ्या खोट्या नुस्ख्याला नम्रपणे खोटे म्हणणे, ही सारी कामे त्याच्या अधिकारातली आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात आता विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे शिक्षणभर लक्ष ठेवावे, अशी योजना आहे. त्या कुटुंबांत जाताना ही शिदोरी त्याला उपयोगी पडेल.

आपल्या ट्रस्टला एक सूचना करावीशी वाटते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना मदत देताना गुणपत्रिका आपण पाहतोच. त्याबरोबर वर्षातून एक दिवस ह्या मुलांना एकत्र बोलवावे. एखाद्या अनुभवी डॉक्टरांनी त्यांना दूरवैद्यकाचे नियम समजावून द्यावेत आणि दुपारी त्याच मुलांनी आपल्या वस्तीतील वृद्धांना कागद लावण्यास व नोंदी करण्यास मदत करावी. ह्यास खर्च जवळजवळ नाही. मुलांना एक धडा मिळेल, वृद्धांना आधार मिळेल, आणि "गोळी सांग" म्हणणाऱ्या नातलगांना त्याच दिवशी कळेल की आपला मुलगा काय करू शकतो आणि काय नाही.

स्वस्त फोन आता सर्वांच्या हाती आहे. त्याच्या मागे उभा राहणारा डॉक्टर संयमी, जाणकार आणि गुपित राखणारा असावा, ह्यासाठी मात्र कॉलेजाने, घराने आणि समाजाने मिळून मेहनत घ्यावयाची आहे. ती मेहनत विद्यार्थी शिकत असतानाच झाली पाहिजे. सवयी एकदा पक्क्या झाल्या म्हणजे त्या मोडणे किती अवघड असते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे.